जुन्या यंत्राचा न मिळणारा भाग पुन्हा घडवताना

ज्या यंत्रांचे मूळ कारखाने केव्हाच बंद झाले, अशी कितीतरी यंत्रे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये आणि सांगली-मिरजेकडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये आजही रोज कामाला जुंपलेली असतात. त्यांचे ओतीव लोखंडाचे बेड (पाया) इतक्या वर्षांत मुरून स्थिर झालेले असतात, स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) शाबूत असतो आणि चालवणाऱ्या कामगाराचा हात त्यांवर बसलेला असतो. मग एके दिवशी फीड बॉक्समधून (हत्यार सरकण्याचा वेग ठरवणाऱ्या गिअरच्या पेटीतून) खडखड ऐकू येते, झाकण उघडल्यावर तेलात दोन तुटके दात सापडतात, आणि यंत्रावरच्या नावाने शोध घेतला तर हाती काहीच लागत नाही. अशा वेळी यंत्र भंगारात काढण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बेड आणि स्पिंडल चांगले असतील तर एका गिअरपायी यंत्र मोडीत काढणे मला पटत नाही, कारण तो गिअर आपल्याच परिसरात उत्तम घडवता येतो.

मात्र त्या कामाला एक शिस्त आहे. तुटलेला भाग टर्नरच्या हातात देऊन ‘असाच दुसरा करून द्या’ असे सांगणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण ‘असाच दुसरा’ म्हणजे तितकाच झिजलेला, तितकाच वाकलेला आणि त्याच कारणाने पुन्हा तुटणारा दुसरा. यंत्र नवे असताना तो भाग कोणत्या मापाचा, कोणत्या धातूचा आणि कोणत्या कामासाठी योजलेला होता, हे आधी शोधावे लागते, घडवणे त्यानंतरचे. देखभाल विभागात अनेक वर्षे वापरलेली पद्धत मी येथे क्रमाने मांडतो. मुख्य उदाहरण एका जुन्या ब्रिटिश बनावटीच्या लेथच्या फीड बॉक्समधील सरळ दातांच्या गिअरचे आहे, कारण त्या एका गिअरमध्ये या कामातील बहुतेक अडचणी एकत्र आल्या होत्या.

आधी बाजारात शोध घ्यावा

जो भाग खास त्या यंत्राचा वाटतो, तो पुष्कळदा सर्वसाधारण मापाचा निघतो. बेअरिंगवरचा क्रमांक पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे घ्यावीत. २५, ५२ आणि १५ मि.मी. आली तर ते साधे ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग आहे आणि ते कोणत्याही कंपनीचे चालते. मापे २५.४, ५७.१५ आणि १५.८८ अशी विचित्र आली तर गोंधळू नये. ते एक इंच, सव्वादोन इंच आणि पाच सुतांचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इंची बेअरिंग आहे. ते मिळाले नाही तर घराच्या बोअरमध्ये स्लीव्ह बसवून आणि शाफ्टची बैठक त्यानुसार करून मेट्रिक बेअरिंग घालता येते. साखळ्या, व्ही-बेल्ट, ऑइल सील आणि टेपर पिना यांच्या बाबतीतही हा शोध आधी घ्यावा. मिळणारी वस्तू घडवत बसण्यात वेळ घालवू नये.

खोलताना केलेली नोंद

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. यंत्र अर्धे उघडे असताना दुसऱ्या पाळीच्या माणसाने नकळत बटण दाबण्याचा धोका खरा असतो.

भाग काढण्यापूर्वी तो जागेवर असतानाच चहूबाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि शक्य असल्यास फोटोत स्टीलची पट्टी ठेवावी. गिअरची कोणती बाजू बाहेर होती, कॉलर कोणत्या अंगाला होती, पाठीमागे किती शिम (जागा भरून काढणाऱ्या पातळ चकत्या) होत्या आणि प्रत्येकीची जाडी किती होती, हे लगेच वहीत लिहावे. ‘लक्षात राहील’ असे वाटणारी गोष्ट तीन आठवड्यांनी हमखास विसरलेली असते. एकमेकांत गुंतणाऱ्या भागांवर पंचाने खुणा कराव्यात, परंतु त्या दातांवर किंवा बेअरिंगच्या बैठकीवर करू नयेत. तुटलेले तुकडे आणि तळाशी साचलेला गाळसुद्धा फेकू नये. गाळात पितळी चमक दिसली तर कुठला तरी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजतो आहे, हे तेथेच कळते.

का तुटला, हे मापाआधी पाहावे

भाग स्वच्छ धुऊन भरपूर उजेडात, भिंगाखाली पाहावा. स्टीलच्या शाफ्टचा तुटलेला पृष्ठभाग खोडातील वलयांसारख्या वक्र रेषांनी भरलेला असेल, तर ती तड एका दिवसाची नसून थकव्याने हळूहळू वाढलेली असते. तिची सुरुवात बहुधा की-वेच्या, म्हणजे गिअर शाफ्टवर घट्ट धरणारी ‘की’ नावाची पट्टी ज्या खाचेत बसते तिच्या, धारदार कोपऱ्यातून किंवा पायरीच्या मुळाशी गोलाई नसलेल्या जागेतून होते. पृष्ठभाग सगळीकडे सारखाच खडबडीत आणि दाणेदार असेल तर एकाच झटक्यात जास्त भार आलेला असतो. दातांच्या मध्यावर बारीक खड्डे पडले असतील तर वंगणाकडे पाहावे.

आमच्या गिअरवर वेगळीच खूण होती. सगळे दात एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी झिजलेले होते, म्हणजे शाफ्ट तिरका चालत होता. बुश काढून डायल लावला तेव्हा त्याचे भोक जवळपास ०.४ मि.मी. लंबगोल झालेले निघाले. त्या बुशमध्ये कितीही चांगला गिअर बसवला असता तरी भार दातांच्या एकाच कडेवर येऊन तो पुन्हा तुटला असता. त्यामुळे गिअरच्या आधी बुश नवा करणे भाग होते.

येथेच आणखी एक गोष्ट तपासावी. काही भाग मुद्दाम कमजोर ठेवलेले असतात. शिअर पिन, फायबरचा गिअर किंवा मऊ की यांचे काम म्हणजे अडथळा आल्यावर स्वतः तुटून पुढचे महागडे भाग वाचवणे. अशी पिन वारंवार तुटते म्हणून कोणीतरी ती ईएन २४ या मजबूत मिश्र स्टीलची करून कडक करते, आणि पुढच्या अडथळ्याला लीड स्क्रू (हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) वाकतो. वारंवार तुटणारी पिन अडथळा कुठे आहे ते सांगत असते, म्हणून तो अडथळा शोधून काढावा आणि पिन मूळच्याच ताकदीची ठेवावी.

यंत्र इंची की मेट्रिक

पहिले माप घेण्यापूर्वी हे ठरवावे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण त्याआधीची आणि त्यानंतरही ब्रिटनमधून आलेली बरीचशी यंत्रे इंची मापांची आहेत. शाफ्ट २८.५ मि.मी. भरला तर तो २८ किंवा ३० चा झिजलेला शाफ्ट समजू नये. तो एक इंच एक सूत, म्हणजे २८.५७५ मि.मी. असतो. की ६.३ मि.मी. भरली तर ती पाव इंचाची, म्हणजे ६.३५ ची आहे, आणि तिच्या जागी बाजारातली ६ मि.मी. ची की ठोकून बसवली तर ती काही दिवसांत खेळू लागते व की-वे खाऊन टाकते.

आट्यांच्या बाबतीत फसगत अधिक होते. आपल्याकडे ‘चार सुती बोल्ट’ म्हटले की अर्धा इंच समजतात. पण ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या अर्ध्या इंची बोल्टला इंचाला १२ आटे आणि ५५ अंशांचा कोन असतो, तर अमेरिकन यूएनसी पद्धतीत त्याच मापाला १३ आटे आणि ६० अंशांचा कोन असतो. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे बसल्यासारखा वाटतो आणि मग अडतो. त्या वेळी पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे जातात. म्हणून आट्यांची गेज वापरावी, आणि ती दोन्ही कोनांची असावी.

गिअरचे खरे माप काढणे

झिजलेल्या गिअरवरून नवा गिअर ठरवायचा असेल तर झिजेचा परिणाम न होणारी मापे शोधावी लागतात. दातांची संख्या झिजत नाही, म्हणून ती प्रथम मोजावी. आमच्या गिअरला ४४ दात होते. बाहेरचा व्यास १४५.८ मि.मी. भरला. साध्या गिअरमध्ये बाहेरचा व्यास हा दातांची संख्या अधिक दोन, गुणिले मॉड्यूल (दाताच्या आकाराचे मि.मी. मधले माप) इतका असतो, म्हणून १४५.८ ला ४६ ने भागले आणि ३.१७ आले. मॉड्यूलच्या प्रचलित मालिकेत ३ आहे, ३.२५ आहे, पण ३.१७ नाही. हे दिसताच २५.४ ला त्या आकड्याने भागावे, उत्तर ८.०१ आले, म्हणजे गिअर ८ डीपीचा (डायमेट्रल पिच, म्हणजे पिच व्यासाच्या दर इंचामागे दातांची संख्या). नवा असताना त्याचा बाहेरचा व्यास ४६ भागिले ८, म्हणजे ५.७५ इंच किंवा १४६.०५ मि.मी. असणार. मॉड्यूल ३ धरून गिअर कापला असता तर तो १३८ मि.मी. चा झाला असता आणि दात जेमतेम टेकले असते.

आता दाब-कोन, म्हणजे दाताच्या बाजूचा कल ठरवणारा कोन. जुन्या इंची गिअरमध्ये साडेचौदा अंश पुष्कळ आढळतो, आणि आजचे कटर बहुतेक २० अंशांचे असतात. डोळ्यांनी हा फरक नीट ओळखता येत नाही, पण मायक्रोमीटरने ओळखता येतो. चकतीच्या जबड्यांच्या मायक्रोमीटरने, तो नसल्यास चांगल्या व्हर्निअरने, आधी ५ दात एकत्र धरून माप घ्यावे, मग त्याच जागी ४ दात धरून घ्यावे. आमची मापे ४३.९५ आणि ३४.२९ मि.मी. आली आणि त्यांची वजाबाकी ९.६६ झाली. दोन्ही मापांत झीज जवळपास सारखीच येत असल्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते आणि उरते ते दोन दातांमधील मूळ अंतर. ते गणिताने पाय (π) गुणिले मॉड्यूल गुणिले दाब-कोनाचा कोसाइन इतके असते. ८ डीपीसाठी साडेचौदा अंशाला ते ९.६६ येते आणि २० अंशाला ९.३७. येथे शंकेला जागा उरली नाही.

त्याच गणिताने नव्या गिअरचे ४ दातांचे माप ३४.५५ असायला हवे होते. हाती ३४.२९ आले होते, म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त झीज. गिअर तसाच नकलून काढला असता तर ही पाव मिलिमीटरची ढिलाई नव्या गिअरमध्ये पहिल्या दिवसापासून आली असती. माप घेताना आणखी एक युक्ती उपयोगी पडते: पुष्कळदा एका गिअरची रुंदी जोडीच्या गिअरपेक्षा जास्त असते, आणि जो काठ जोडीदाराला कधी लागलाच नाही, तेथे मूळ दात जसाच्या तसा टिकून असतो. तो काठ सापडला तर बाकी सर्व मापे त्याच्याशी पडताळावीत.

शेवटची खात्री दोन शाफ्टमधील अंतराने करावी. जोडीच्या पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, २२ दात होते. ४४ अधिक २२ म्हणजे ६६, भागिले १६, हे ४.१२५ इंच किंवा १०४.७८ मि.मी. होते. झिजलेल्या बुशवरून हे अंतर मोजू नये. बुश काढून घराच्या मूळ बोअरमध्ये बरोबर बसणारे मँड्रेल (अचूक मापाचे दांडे) घालावेत आणि त्यांच्यावरून मोजावे. आमचे अंतर १०४.८ आले. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर मिळाल्यावरच मी ड्रॉइंगला हात लावतो.

शाफ्ट आणि बोअर यांनाही हाच विचार लागू आहे. शाफ्टचे मूळ माप गिअरच्या हबखाली किंवा बेअरिंगच्या बाहेरच्या टोकाला सापडते, आणि बोअरचे मूळ माप जेथे शाफ्ट पोहोचत नाही अशा आतल्या कडेला. प्रत्येक जागी दोन दिशांनी, काटकोनात मापे घ्यावीत, नाहीतर लंबगोलपणा नजरेतून सुटतो.

धातू ओळखणे आणि निवडणे

भाग कशाचा आहे हे कळण्यासाठी आधी कानस फिरवून पाहावी. कानस नुसती घसरली तर वरचा थर कडक केलेला आहे. ड्रिल मारताना भुकटीसारखा चुरा पडला आणि तुटलेली बाजू करड्या रंगाची असेल तर ओतीव लोखंड समजावे. लांब वेटोळी निघाली तर स्टील. त्यानंतर रॉकवेल किंवा ब्रिनेल यंत्रावर दातावर, हबवर आणि आतल्या भागात अशी निरनिराळ्या ठिकाणी कठीणता मोजावी, म्हणजे भाग आरपार कडक आहे की फक्त वरून, हे समजते. भाग महत्त्वाचा असेल तर लहान तुकडा कापून प्रयोगशाळेतून रासायनिक घटकांचा अहवाल घ्यावा. ओतकामाच्या धंद्यामुळे कोल्हापूर परिसरात अशा प्रयोगशाळा सहज सापडतात.

निवड करताना ‘अधिक कठीण म्हणजे अधिक चांगला’ हा समज सोडावा. आमचा मोठा गिअर ओतीव लोखंडाचा होता आणि पिनियन स्टीलचा. गिअर ईएन ३६ या, वरचा थर कडक करता येणाऱ्या स्टीलचा करून वरून कडक करावा, म्हणजे पुन्हा त्रास नको, अशी सूचना आली होती. मी ती मानली नाही. कडक गिअरने त्याला लागून असलेले बाकीचे ओतीव लोखंडाचे गिअर खाऊन टाकले असते, आणि अडथळा आल्यास तुटण्याची पाळी त्याच्या पुढच्या, अधिक महागड्या भागावर आली असती. म्हणून गिअर एफजी २६० दर्जाच्या ओतीव लोखंडाचा केला, ज्याची कठीणता ब्रिनेल २०० च्या आसपास असते. पिनियन मात्र ईएन २४ चा केला, कारण २२ दातांच्या पिनियनचा प्रत्येक दात मोठ्या गिअरच्या एका फेरीत दोनदा भार घेतो आणि तोच आधी झिजतो. नवा गिअर जुन्या पिनियनला जोडू नये. शक्य तेथे जोडी एकत्रच बदलावी. वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि वर्म व्हीलच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये, कारण व्हीलचे दात त्या विशिष्ट वर्मच्या आकाराशी जुळवून कापलेले असतात.

सर्वसाधारण शाफ्ट आणि पिनांना ईएन ८ हे मध्यम कार्बनचे स्टील पुरते. घसरत्या हालचालीचे बुश आणि वर्म व्हील फॉस्फर ब्राँझचे करावेत. नायलॉनचा बुश आवाज कमी करतो, परंतु तो ओलावा शोषून फुगतो, त्यामुळे पावसाळ्यात घट्ट होणार नाही इतकी जागा ठेवूनच तो बसवावा.

ड्रॉइंग

तोंडी सांगून काम देऊ नये. कागदावर मापाबरोबर सूटही (चालणारा फरक) लिहावी, आणि ती जेथे गरज आहे तेथेच कडक ठेवावी. सगळ्या मापांना शतांशाची सूट लिहिली तर खर्च वाढतो आणि काम करणारा कोणत्या मापाकडे खरे लक्ष द्यायचे हे ओळखू शकत नाही. फिरणाऱ्या शाफ्टसाठी बुशमध्ये व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी जागा हा चांगला आरंभ आहे, म्हणजे ४० मि.मी. च्या शाफ्टला सुमारे ०.०४. बुश दाबून बसवल्यावर त्याचे भोक आवळते, म्हणून अंतिम माप बसवल्यानंतर रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) मारून करावे, अशी स्पष्ट टीप ड्रॉइंगवर द्यावी. जुना भाग जेथून तुटला तेथे गोलाई वाढवता येत असेल तर ती या टप्प्यावरच वाढवावी, मात्र ती शेजारच्या भागाला आपटत नाही हे तपासून. त्या भागात माझ्या मते एवढीच सुधारणा करण्याची मुभा घ्यावी.

कापणे आणि घडवणे

हॉबिंग मशीनवर ८ डीपी, साडेचौदा अंशांचा हॉब (गिअर कापणारा स्क्रूसारखा कटर) मिळाला तर उत्तम. तो न मिळाल्यास मिलिंगवर फॉर्म कटरने (दातांमधील खाचेच्या आकाराच्या कटरने) गिअर कापता येतो आणि फीड बॉक्सच्या वेगासाठी तो पुरेसा अचूक असतो. कटर निवडताना मात्र एक सापळा आहे. डीपीच्या कटरच्या संचात क्रमांक १ हा १३५ दातांपासून पुढे आणि रॅकसाठी (दातांच्या सरळ पट्टीसाठी) असतो, तर क्रमांक ८ हा १२ ते १३ दातांसाठी. मॉड्यूलच्या संचात हे क्रमांक सर्रास उलटे असतात. आमच्या ४४ दातांना डीपीच्या संचातील ३ क्रमांकाचा कटर, जो ३५ ते ५४ दातांसाठी असतो, आणि २२ दातांच्या पिनियनला ५ क्रमांकाचा कटर लागला. कटरवर कोरलेली दातांची मर्यादा वाचावी आणि नुसत्या क्रमांकावर विसंबू नये.

डिव्हायडिंग हेड (काम समान भागांत फिरवणारे साधन) ४० ला १ चे असेल, म्हणजे हँडलच्या ४० फेऱ्यांत काम एकदा फिरत असेल, तर ४४ दातांसाठी प्रत्येक वेळी ४० भागिले ४४, म्हणजे ३३ भोकांच्या वर्तुळावर ३० भोके हँडल फिरवावे. दाताची पूर्ण खोली २.१५७ भागिले ८ इंच, म्हणजे ६.८५ मि.मी. येते. सगळे दात एकदम पूर्ण खोलीला कापण्याआधी गिअरच्या कडेवर चारही बाजूंना नुसत्या रेघा ओढून मोजणी बरोबर जुळते का ते पाहावे, कारण शेवटचा दात अर्धा उरला तर अख्खा ब्लँक (दात कापण्याआधीची चकती) फुकट जातो. शेवटचा हात मारताना ४ दातांचे माप पुन्हा घ्यावे आणि ढिलाईसाठी ते ३४.५५ पेक्षा साधारण ०.०५ ते ०.०८ ने कमी ठेवावे. तेवढीच सूट पिनियनला दिली की जोडीत ०.१० ते ०.१५ मि.मी. चा खेळ मिळतो.

ओतीव भाग: साचा आणि आकुंचन

ब्रॅकेट, घर, मोठी पुली किंवा मागाचे मोठे चाक तुटले तर लेथवर काम भागत नाही, ओतावे लागते. या बाबतीत झालेली एक चूक मी मुद्दाम सांगतो. आमच्याकडे एक ओतीव ब्रॅकेट दोन तुकडे होऊन आला होता. घाई होती, म्हणून तुकडे जोडून तोच साचा म्हणून वाळूत दाबला गेला आणि त्यावरून नवा ओतला गेला. दिसायला तो हुबेहूब होता. बसवायला गेलो तेव्हा ४२० मि.मी. अंतरावरच्या दोन बोल्टांपैकी दुसरा भोकात जाईना. अंतर ४ मि.मी. ने कमी भरले होते. ओतीव लोखंड थंड होताना साधारण शेकडा एक इतके आकसते, आणि जुना भाग आधीच आकसून आपल्या मापावर आलेला असतो. त्याचा साचा केला की आकुंचन दुसऱ्यांदा होते. शिवाय मशिनिंगच्या जागी घासायला एक मिलिमीटरही जादा धातू उरला नव्हता. भोके लांबट करून वेळ मारून नेता आली असती, पण त्या ब्रॅकेटवर शाफ्टची रेषा अवलंबून होती, म्हणून तो बाजूला ठेवून नव्याने साचा केला.

म्हणून साचा स्वतंत्र करावा. ओतीव लोखंडाला मीटरमागे १० मि.मी., ब्राँझला सुमारे १५ आणि स्टीलला सुमारे २० मि.मी. मोठा साचा धरावा. पॅटर्नमेकरकडे यासाठी वाढीव मापाची पट्टी असते. मशिनिंग होणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ३ मि.मी. धातू जादा ठेवावा, साचा वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक ते दोन अंशांचा उतार द्यावा, आणि जाड-पातळ भागांच्या सांध्यात गोलाई भरावी, नाहीतर थंड होताना तेथेच तड जाते. एकदोन नग हवे असतील तर सागवानी साच्याऐवजी संगणकावर आकृती करून त्रिमिती प्रिंटरवर प्लास्टिकचा साचा काढता येतो. त्याचे थर पुट्टी व पॉलिश पेपरने गुळगुळीत करावेत, कारण त्या थरांत वाळू धरून राहते. घरासारख्या अचूक भागाचे ओतीव नग मशिनिंगआधी सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवून भट्टीतच सावकाश थंड करावेत. हा टप्पा वगळल्यास बोअर केल्यानंतर काही दिवसांनी माप हलते आणि दोष उगाच मशिनिस्टच्या माथी येतो.

गुंतागुंतीच्या वळणांच्या भागांसाठी त्रिमिती स्कॅनर फार उपयोगी आहे, पण स्कॅनर झिजेसकट सगळे टिपतो. स्कॅन अंतिम मानू नये. त्यावर समतल आणि वर्तुळे बसवून, आकडे मूळ इंची किंवा मेट्रिक मापांकडे आणून मगच ड्रॉइंग करावे.

बसवणे आणि पहिले काही दिवस

बसवण्यापूर्वी ड्रॉइंगवरील प्रत्येक माप दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. घट्ट बसणारा गिअर हातोड्याने ठोकू नये. तो तापवावा: स्टीलचे ५० मि.मी. चे भोक १०० अंशांनी तापवले की साधारण ०.०५५ मि.मी. उघडते, आणि तेलाच्या अंघोळीत किंवा इंडक्शन हीटरवर हे सहज होते. ओतीव लोखंडाच्या गिअरला उघडी ज्योत एकाच जागी लावू नये, त्याला तडा जाऊ शकतो.

जोडी बसवल्यावर एका गिअरच्या दातांना मार्किंग ब्लूचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावून हाताने फिरवावे. दुसऱ्या गिअरच्या दातांवर खूण रुंदीच्या मध्याभोवती उमटली तर शाफ्ट समांतर आहेत. ती एकाच टोकाला उमटली तर मोटर चालू करू नये आणि बुशकडे परत जावे. आमच्या गिअरवर पहिल्या प्रयत्नात खूण डावीकडे सरकलेली दिसली, आणि नव्या बुशची कॉलर पुरती टेकली नव्हती हे त्यामुळेच समजले. नंतर यंत्र भाराशिवाय अर्धा तास, मग हलक्या कटवर एक पाळी चालवावे. आठवड्याने तेल काढून त्यात किती चुरा आला ते पाहावे, तेल बदलावे आणि ४ दातांचे माप पुन्हा घेऊन वहीत लिहावे.

जेथे हात घालू नये

क्रेनचे हुक, उचलण्याच्या साखळ्या, बॉयलरचे आणि दाबाच्या टाक्यांचे भाग, प्रेसचा क्लच व ब्रेक हे या पद्धतीने स्थानिक पातळीवर घडवू नयेत. तेथे भाग मोडला तर माणूस जातो, आणि कायद्यानेही अशा उपकरणांना सक्षम व्यक्तीची तपासणी व प्रमाणपत्र लागते. पेटंटची मुदत भारतात अर्ज केल्यापासून २० वर्षांची असते, त्यामुळे खरोखर जुन्या यंत्रांच्या बाबतीत ती अडचण सहसा उरत नाही. पण स्वतः केलेल्या भागावर मूळ कंपनीचे नाव किंवा चिन्ह कोरणे गैर आहे आणि ते करू नये.

प्रत्येक भागाची एक फाइल ठेवावी. तिच्यात छायाचित्रे, घेतलेली मूळ मापे आणि त्यांवरून काढलेली मापे वेगवेगळ्या रकान्यांत, धातूचा अहवाल, ड्रॉइंग, कटरचा क्रमांक, साचा कोणाकडे ठेवला आहे आणि बसवल्याची तारीख असावी. नव्या भागाच्या न घासणाऱ्या बाजूवर तोच फाइल क्रमांक ठोकावा. जोडी कापताना एक ब्लँक जादा करून ठेवला तर फारसा खर्च वाढत नाही. आमच्या त्या लेथचा तसा एक गिअर ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून फीड बॉक्सच्या फाइलशेजारीच कपाटात ठेवलेला आहे.